पत्ता विचारावा नावाने

संगणकाचा विषय निघाला, की आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी हळूच बाजूला सरतो. परंतु एक प्रश्न मला आपल्याच गावातला वाटला. तो असा : जवळच्याच संगणकाचा आयपी पत्ता ॲपने कसा शोधावा?

समजा, ग्रंथालयातील एका संगणकावर वार्षिकांचे जुने अंक ठेवले आणि ते मोबाईलवर वाचण्यासाठी एक ॲप केले. राउटर त्या संगणकाला पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. पण हा पत्ता बहुधा मुदतीचा असतो. वीज जाऊन आली, की विसाचे सदतीस होऊ शकतात. जुना आकडा कोडमध्येच लिहिलेला असेल, तर ॲप रिकाम्या घराचे दार ठोठावत बसते. संगणक मात्र जागच्या जागी चालू असतो!

यावरची तोड रामकुंडावर पाहावी. परगावचा यात्रेकरू उपाध्यायांचा पत्ता घेऊन येतोच असे नाही. तो गाव व आडनाव सांगतो. ज्यांच्या वहीत त्या कुळाची नामावळी असेल, ते पुढे होतात. 'मल्टिकास्ट डीएनएस' ही पद्धत नेमकी अशीच आहे. ॲपलने ती २००२ साली वापरात आणली. तिचे प्रमाणित नियम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲप २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर विचारते, "अमुक सेवा कोण देतो?" ज्याची ती सेवा असेल, तो उत्तर देतो.

अँड्रॉइडमध्ये २०१२ पासून हे काम 'एनएसडी मॅनेजर' करतो. त्याच्या दोन पायऱ्या आहेत. 'डिस्कव्हर' केल्यावर सेवेचे केवळ नाव कळते. आयपी पत्ता आणि पोर्ट 'रिझॉल्व्ह' केल्यानंतरच मिळतात. पहिल्याच पायरीवर पत्ता शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शिवाय मिळालेला पत्ता जपून न ठेवता जोडणीच्या वेळी पुन्हा विचारावा. ही हाक सहसा राउटरपलीकडे पोहोचत नाही, म्हणून मोबाईल त्याच वाय-फायवर असावा.

मात्र हाकेला ओ कोणीही देऊ शकतो. वहीत आजोबांची सही दिसली, की यात्रेकरूची खात्री पटते. ॲपनेही तसेच सेवेचे प्रमाणपत्र तपासावे आणि मगच पासवर्ड पुढे करावा. पत्ता सापडला म्हणजे माणूस ओळखला, असे होत नाही.