रस्त्याचा हिशेब

१ जून १९४८ हा दिवस नगरकरांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या दिवशी सरकारी एसटीची पहिली मोटार नगर-पुणे मार्गावर धावली. वेळ ठरलेली, भाडे ठरलेले आणि गाडी सर्वांची. ज्याच्या दाराशी बैलगाडीही नव्हती, तोही तिकीट काढून पुण्याला जाऊ लागला.

गावोगाव जाण्याची सोय अशी झाली. पण शहराच्या आत रोज जावे-यावे लागते, त्याचे काय? आज त्याचा विचार करू.

आपले सावेडी पाहा. एके काळी हे नगरच्या उत्तरेचे खेडे होते. आज ते शहराचे मोठे उपनगर आहे. प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड, भिस्तबाग असा त्याचा पसारा वाढला आहे. मधून मनमाडचा हमरस्ता जातो. पुढे नागापूरची औद्योगिक वसाहत लागते. सकाळी या रस्त्याने कोण कोण निघते? कामगार निघतो, शाळेची मुले निघतात, भाजीची पाटी घेऊन बाई निघते, दवाखान्याला म्हातारे निघतात. शिवाय मोटारसायकली, मोटारी आणि ट्रक आहेतच. रस्ता एकच आणि घाई सर्वांना.

मग लोक म्हणतात, "रस्ता रुंद करा." हे खरे औषध आहे का? पाटी-पेन्सिल घ्या आणि हिशेब करा.

एका बसमध्ये ४० माणसे बसली. बसची लांबी साधारण ४० फूट. आता हीच ४० माणसे मोटारींतून जाऊ द्या. एका मोटारीत दोघे, म्हणजे मोटारी झाल्या २०. एक मोटार १३ फूट लांब. पुढच्या गाडीपासून ७ फूट तरी अंतर हवे. म्हणजे एका मोटारीला २० फूट जागा लागली. २० मोटारींना ४०० फूट! माणसे तेवढीच, जागा मात्र कितीतरी पट.

म्हणून रस्त्यावरून किती गाड्या गेल्या हे मोजू नये, किती माणसे गेली हे मोजावे. भारत सरकारने २००६ साली शहरांच्या वाहतुकीचे धोरण ठरवले, त्यातही हेच सांगितले आहे. रस्ता नुसता रुंद केला, की बसने जाणाराही गाडी विकत घेतो आणि थोड्या वर्षांत रस्ता पुन्हा भरतो. नगरमध्ये २०२२ साली उड्डाणपूल सुरू झाला. वरून जाणाऱ्या वाहनांची सोय झाली, हे चांगलेच. पण खाली रस्ता ओलांडणाऱ्या माणसाची काळजी वेगळी घ्यावी लागते. ती पुलाने घेतली जात नाही.

ती काळजी कशी घ्यायची? चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट पायवाटेची, म्हणजे फुटपाथची. बसने जाणारा माणूसही आधी पायीच थांब्यावर जातो. फुटपाथ किमान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट मोकळा असावा, असा आपल्या देशातील रस्ते बांधणाऱ्या तज्ज्ञांचा नियम आहे. उंची सहा इंचांपेक्षा जास्त नको. का हो? कारण फुटपाथ उंच असला, की गुडघे दुखणारी आजी त्यावर चढत नाही. ती खाली रस्त्यावरूनच चालते. मध्येच विजेची डीपी, मध्येच उभी केलेली मोटारसायकल, असे असले तरी तेच होते.

हातगाडीवाल्याला मात्र शत्रू समजू नये. त्याचे पोट त्यावर आहे. २०१४ च्या कायद्याने त्यालाही हक्क दिला आहे. त्याची जागा आखून द्यावी आणि चालणाऱ्याची वाट मोकळी ठेवावी.

दुसरी गोष्ट वेगाची. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी लागली, तर माणूस बहुधा वाचतो. ताशी ६० ची लागली, तर बहुधा वाचत नाही. म्हणून शाळा आणि बाजार असेल तिथे गाडीचा वेग रस्त्यानेच कमी करायला लावावा. ओलांडायची जागा फुटपाथइतकी उंच करावी. वळणाचा कोपरा आवळावा. रुंद रस्त्याच्या मध्ये थांबायला ओटा ठेवावा. नुसती पाटी लावून वेग उतरत नाही.

तिसरी गोष्ट सायकलची. पाच किलोमीटरला सायकलने २० मिनिटे लागतात. पेट्रोल लागत नाही. मग लोक सायकल का सोडतात? भीतीने सोडतात. ट्रकच्या शेजारून पोराला सायकलवर कोण पाठवील? हॉलंड देशात आज घरोघर सायकली आहेत, पण तिथेही १९७१ साली रस्त्यावरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांनी सरकारला जाब विचारला. मग हळूहळू तिथले रस्ते बदलले आणि सायकलला वेगळी वाट मिळाली.

चौथी गोष्ट बसची. बस वेळेवर यावी आणि वारंवार यावी. थांब्यावर सावली, दिवा आणि बसायला बाक असावा. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना निम्मे भाडे आहे. ज्या बाईच्या नावावर गाडी नाही, तिला अशा बसमुळे नोकरी आणि शिक्षण जवळ येते. शहराच्या बसचेही तसेच आहे.

पुण्याने २००६ साली बससाठी वेगळी मार्गिका केली. देशात ती पहिली होती. पण तीत इतर गाड्या शिरू लागल्या. शिवाय थांबा मधोमध असला, तर रस्ता ओलांडणेही सोपे लागते. म्हणजे या चारही गोष्टी एकमेकींना धरून आहेत. त्याच पुण्यात पुढे जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केले. तिथे आता लोक निवांत चालतात, बसतात. करायचे म्हटले तर होते.

हे कोणी आपल्यावर उपकार म्हणून करायचे नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चालण्याजोगा फुटपाथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

तर वर्गातील मंडळींनी एवढे करावे. एक मोजपट्टी घ्यावी. आपल्या घरापासून शाळेपर्यंत किंवा थांब्यापर्यंत चालत जावे. फुटपाथ कुठे सहा फूट आहे, कुठे मोडला आहे, कुठे मुळीच नाही, हे वहीत लिहावे. रस्ता ओलांडताना किती वेळ थांबावे लागले, तेही लिहावे. मग दहा-वीस जणांच्या सह्या घेऊन महानगरपालिकेच्या आयुक्तांना अर्ज द्यावा. अंदाजपत्रक ठरण्याआधी द्यावा, म्हणजे पैशाची तरतूद मागता येते. अर्जाची पोच घ्यावी. उत्तर आले नाही, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली विचारावे.

आता आपल्याला लिहिता येते. पहिला अर्ज शाळेच्या वाटेसाठी लिहू या.