घशाचा कर्करोग : रक्तातून की घरातून?

एखाद्या घरात वडिलांना घशाचा कर्करोग झाला आणि काही वर्षांनी थोरल्या मुलालाही झाला, की 'रोग त्यांच्या रक्तातच आहे' असे गाव म्हणू लागते. मग त्या घरच्या मुलींच्या सोयरिकी अडतात. निपाणीत अशा कारणाने ठरलेला निकाह मोडलेला आम्ही पाहिला आहे. पुढे त्याच घरात चुलत्याच्या मानेत गाठ आली, ती भीतीपोटी लपविली गेली आणि उपचारास फार उशीर झाला. म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

घशाचा एक विरळा कर्करोग नाकाच्या पाठीमागे, पडजिभेच्या वरच्या बाजूस होतो. दक्षिण चीनमध्ये आणि आपल्या देशात नागालँडमध्ये तो पुष्कळ आढळतो, आपल्याकडे क्वचितच. चीनच्या त्या भागात रोग्याच्या सख्ख्या नातलगांना इतरांपेक्षा चार ते दहा पट धोका असतो. एवढ्यावरून रक्ताला दोष द्यावा, तर अमेरिकेत जन्मलेल्या चिनी मुलांत हेच प्रमाण बरेच उतरले. मात्र गोऱ्या लोकांइतके खाली आले नाही. रक्त तेच राहिले, पण बालपणापासूनची खारवलेली मासळी सुटली, राहणी पालटली. तिसरा भागीदार एपस्टाइन-बार नावाचा विषाणू. तो तर बहुतेक सर्व माणसांच्या शरीरात असतो, आणि रोग होतो फार थोड्यांना. एकट्याने कोणीच हे काम करीत नाही.

आपल्याकडचे घशाचे कर्करोग बहुतांशी तंबाखूचे. निपाणी तर तंबाखूची पेठच! वखारीत तंबाखू, विड्या वळणारीच्या सुपात तंबाखू, आजीच्या दातांना मिश्री, वडिलांच्या खिशात विडी. अशा घरातला मुलगा मिसरूड फुटण्याआधी चंची सोडायला शिकतो. बापाचे नाक त्याला रक्तातून मिळते. बापाची विडी रक्तातून मिळत नाही, पण लोक दोन्ही एकाच खात्यावर मांडतात. अनेक देशांची माहिती एकत्र करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सख्ख्या नात्यात तोंडाचा वा घशाचा कर्करोग असल्यास धोका सुमारे १.७ पट दिसला; आणि ही वाढ मुख्यतः तंबाखू घेणाऱ्यांतच होती. तंबाखू, दारू व घराण्यातला रोग हे तिन्ही जमले, तेथे तो सात पटींवर गेला.

निव्वळ रक्तातून येणारा प्रकारही आहे, तो सांगितलाच पाहिजे. फॅन्कोनी ॲनिमिया या आजारात बहुधा आई व बाप दोघांकडूनही सदोष जनुक आलेले असते. मुलाची वाढ खुंटते, कधी अंगठ्यात व्यंग असते, रक्त कमी पडते. आणि तंबाखूला न शिवताही तरुणपणीच तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग गाठू शकतो. चुलत-मामे भावंडांत एकच दोष दोघांकडे असण्याचा संभव अधिक, आणि नात्यात लग्ने करण्याचा रिवाज तर आपल्या भागात सर्वच समाजांत आहे. आजार अत्यंत विरळा खरा. पण घरात असे मूल असेल, तर नात्यात सोयरीक जुळविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

इतर घरांनी मुलींची लग्ने अडविण्याऐवजी भावंडांचे घसे तपासून घ्यावेत. तीन आठवडे न हटणारा घोगरेपणा, गिळताना अडखळणे, मानेत न दुखणारी गाठ, एकाच कानाला दडा, शेंबडात रक्त, तोंडात पांढरा वा लाल चट्टा, यांपैकी काही दिसल्यास कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे, आणि घरात पूर्वी कोणाला झाला होता ते न लपविता सांगावे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन, उजेडात तोंड उघडून पाहण्याचेच काम केले. तंबाखू व दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तेवढ्याने सुमारे एक-तृतीयांश घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले आहे.