प्रश्न आणि उपप्रश्न : प्रतिनिधींच्या एका अधिकाराचा इतिहास व अहमदनगर जिल्हा

अहमदनगरचा भुईकोट किल्ला आजवर अनेक सत्तांच्या हातीं गेला. निजामशाहीनंतर मोगल, १७५९ सालीं पेशवे, १७९७ सालीं शिंदे व १८०३ च्या ऑगस्टांत इंग्रज, हा क्रम इतिहासाभ्यासकांच्या परिचयाचा आहे. ह्या प्रत्येक सत्तेनें प्रजेला प्रश्न विचारले. अमुक गांवचा वसूल किती, तमुक परगण्यांत लावणी किती झाली, बाकी कां राहिली, हे ते प्रश्न. दप्तरांतील ताळेबंद, झडत्या व जमाबंदीचे कागद म्हणजे बहुतांशीं सरकारनें वरून विचारलेल्या प्रश्नांचीं खालून गेलेलीं उत्तरेंच होत. रयतेचा अर्जही वर जाई व कधीं कधीं त्याची दाद लागे. परंतु सरकारनें ठराविक मुदतींत चारचौघांसमक्ष उत्तर दिलेंच पाहिजे, असा हक्क रयतेस नव्हता. प्रश्नाचा हा ओघ पुढें उलटा कसा झाला, राज्यकर्त्यांस जाब विचारण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींकडे कसा आला, आणि त्या अधिकाराचें मर्म नेमकें कशांत आहे, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. २०२४ सालापासून ह्या जिल्ह्याचें अधिकृत नांव अहिल्यानगर झालें आहे. येथें विवेचन मुख्यतः मागील काळाचें असल्यामुळें कागदोपत्रीं आढळणारें जुनें नांव ठेविलें आहे.

राजाला प्रश्न विचारल्याचीं उदाहरणें आपल्या प्राचीन वाङ्मयांत नाहींत असें नाहीं. महाभारताच्या सभापर्वांत नारद युधिष्ठिराला प्रश्नांमागून प्रश्न विचारतो. कोश, दुर्ग, मंत्री, दूत व शत्रूची हालचाल हे विषय त्यांत आहेतच. शिवाय शेतकऱ्याला बीं व अन्न मिळतें कीं नाहीं, शेती केवळ पावसावर विसंबून राहूं नये म्हणून ठिकठिकाणीं मोठे तलाव केले आहेत कीं नाहींत, हेंही तो विचारतो. जुन्या नीतिशास्त्रकारांनीं स्वराष्ट्राच्या चिंतेस तंत्र व परराष्ट्राच्या चिंतेस आवाप अशा संज्ञा दिल्या आहेत. नारदाच्या प्रश्नांत ह्या दोहोंचा समावेश होतो. परंतु नारद हा ऋषि होता, प्रजेनें पाठविलेला प्रतिनिधि नव्हे. त्याचे प्रश्न उपदेशरूप असून त्यांचीं तपशीलवार उत्तरें त्यानें मागितलीं नाहींत.

त्याच पर्वांत पुढें दुसरा प्रसंग येतो. आधीं स्वतःला हरलेल्या राजाला पत्नी पणास लावण्याचा अधिकार उरतो काय, हा प्रश्न द्रौपदी दूताकरवीं सभेला विचारते. समाधान होत नाहीं, म्हणून तोच प्रश्न पुनः करते. भीष्म धर्माची गति सूक्ष्म असल्याचें सांगून निर्णय टाळतो, बहुतेक सभासद मौन धरतात, आणि उत्तर न देणाऱ्या सभेला दोष लागतो असें विदुर बजावितो. पहिल्या प्रश्नाला बगल देतां येते. तोच प्रश्न सभेंत पुनः उभा राहिला म्हणजे तें कठीण होतें. आधुनिक विधिमंडळांतील प्रश्नाधिकाराचा सारा इतिहास ह्याच एका गोष्टीभोंवतीं फिरतो.

इंग्लंडांत मंत्र्याला सभागृहांत विचारलेल्या प्रश्नाची पहिली नोंद १७२१ सालची समजतात. साउथ सी कंपनीच्या घोटाळ्यानंतर तिचा रोखपाल देश सोडून पळाला होता. तो ब्रुसेल्स येथें पकडला गेल्याची वार्ता खरी आहे काय, असें लॉर्ड कौपर ह्यांनीं उमरावांच्या सभेंत विचारलें व सरकारपक्षानें उत्तर दिलें. पैशाचा गैरव्यवहार घरचा आणि आरोपी परमुलखांत, असा तंत्र व आवाप ह्यांचा संगम ह्या पहिल्याच प्रश्नांत झालेला दिसतो.

हिंदुस्थानांत हा अधिकार तुकड्यातुकड्यांनीं मिळाला. १८६१ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या कौन्सिलांना कायदे करण्यापलीकडे काम नव्हतें. प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. १८९२ च्या कायद्यानें आगाऊ सूचना देऊन प्रश्न विचारतां येऊं लागला. मध्यवर्ती कौन्सिलांतील पहिला प्रश्न फेब्रुवारी १८९३ मध्यें अयोध्या प्रांतांतील भिंगा येथील राजांनीं केला. फिरतीवरील अधिकाऱ्यांच्या छावण्यांना रसद पुरवितांना खेड्यांतील दुकानदारांस होणारा जाच, हा त्याचा विषय होता. राजेपद भूषविणाऱ्या गृहस्थांनीं पहिला प्रश्न खेड्यांतील दुकानदारांसाठीं विचारावा, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. परंतु उत्तर वाचून दाखविलें कीं विषय संपे. त्यावर दुसरा प्रश्न करतां येत नसे. मुंबई कौन्सिलांत १८९५ पासून लोकमान्य टिळक व १८९९ पासून गोपाळ कृष्ण गोखले हे सभासद होते, आणि त्याच सुमारास १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ नगरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यांवर कोसळले. अशा वेळींही प्रश्नकर्त्याच्या हातीं एकच बाण होता.

१९०९ च्या सुधारणांनीं उपप्रश्नाचा अधिकार दिला, तोही केवळ मूळ प्रश्नकर्त्याला. १९१९ च्या सुधारणांनंतर कोणत्याही सभासदास उपप्रश्न विचारतां येऊं लागला. तथापि परराष्ट्रें व संस्थानें ह्यांच्याशीं असलेल्या सरकारच्या संबंधांविषयीं १९०९ च्या नियमांनीं प्रश्नच वर्ज्य केले होते, आणि परराष्ट्रव्यवहार व लष्कर हीं खातीं पुढेंही लोकप्रतिनिधींच्या ताब्याबाहेर राहिलीं. म्हणजे तंत्राविषयीं थोडें विचारावें व आवापाविषयीं गप्प बसावें, अशी ती व्यवस्था होती.

तंत्राचाही सर्व भाग मोकळा नव्हता. १९१९ च्या द्विदल राज्यपद्धतींत शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य हीं खातीं मंत्र्यांकडे आलीं. परंतु जमीनमहसूल, पाटबंधारे, दुष्काळनिवारण व पोलीस हीं राखीव ठेवण्यांत आलीं. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ सालीं पुरें झालें, तेव्हां कालव्याचें पाणी, त्याची पट्टी व सारा हे नगरच्या शेतकऱ्याचे जिव्हाळ्याचे विषय अशा सभासदांकडे होते, कीं ज्यांना कौन्सिलाच्या मतानें पदावरून दूर करतां येत नव्हतें. त्यांना प्रश्न विचारतां येत असे, पण उत्तर असमाधानकारक असल्यास पुढें कांहीं घडण्याची निश्चिति नव्हती. ह्यावरून प्रश्नाधिकाराचें दुसरें अंग स्पष्ट होतें. उत्तर देणारा सभागृहाला जबाबदार असेल तरच प्रश्नाला वजन येतें. आज संविधानाच्या ७५ व १६४ ह्या अनुच्छेदांनीं मंत्रिमंडळाला अनुक्रमें लोकसभेस व विधानसभेस सामुदायिक रीतीनें जबाबदार केलें आहे. प्रश्नोत्तराच्या तासाचा पाया तोच होय.

तिसरें अंग म्हणजे निःपक्षपाती अध्यक्ष. कोणता प्रश्न स्वीकारावा, उपप्रश्न किती होऊं द्यावे, मंत्री मुद्द्यावर आला कीं नाहीं, हें पाहण्याचें काम त्याचें. येथें नगर जिल्ह्याचा संबंध अधिक निकटचा आहे. १९३७ सालीं अस्तित्वांत आलेल्या मुंबई विधानसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे होते. १९४६ सालीं ते दिल्लीस गेल्यावर त्यांच्या आसनावर अहमदनगरचे वकील कुंदनमल सोभाचंद फिरोदिया बसले व १९५२ पर्यंत ते पद त्यांनीं सांभाळलें. परसत्तेच्या शेवटल्या वर्षांत आरंभ झालेली त्यांची कारकीर्द स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत चालली. पुढें १९६२ ते १९७२ अशीं दहा वर्षें महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्षपद ह्याच जिल्ह्याचे त्र्यंबक शिवराम ऊर्फ बाळासाहेब भारदे ह्यांनीं भूषविलें. डिसेंबर २०२४ मध्यें विधानपरिषदेच्या सभापतिपदीं जामखेड तालुक्यांतील चौंडीचे राम शिंदे ह्यांची निवड झाली.

आतां प्रत्यक्ष पद्धति पाहूं. ज्या प्रश्नाला तोंडीं उत्तर हवें त्यावर तारा छापतात, म्हणून तो तारांकित. ज्याचें लेखी उत्तर मिळतें तो अतारांकित. निकडीच्या बाबतींत अल्पसूचना प्रश्न असतो. लोकसभेंत एका दिवशीं २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्न यादीवर येतात. अतारांकितावर उपप्रश्न होत नाहींत. आपल्या विधानसभेंतील प्रश्नाचा सांचा ठराविक आहे: अमुक गोष्ट घडली हें खरें आहे काय, असल्यास चौकशी केली काय, तींत काय आढळलें, नसल्यास विलंबाचीं कारणें काय. उत्तराचाही सांचा तसाच. पहिल्या भागाला ‘हें खरें नाहीं’ असें म्हटलें कीं पुढील सर्व भागांस ‘प्रश्न उद्भवत नाहीं’ हें एकच उत्तर पुरतें. समजा, एखाद्या कालव्याचें आवर्तन शेवटच्या गांवांपर्यंत पोंचलें नाहीं अशी तक्रार आहे, आणि पाणी सोडलें होतें एवढ्यावरून खातें ‘हें खरें नाहीं’ म्हणतें. अशा वेळीं त्या भागाचा सभासद उभा राहून ‘पाणी कोणत्या तारखेस सोडलें, शेवटच्या चारीस किती दिवस मिळालें’ असें विचारूं लागला म्हणजे उत्तराला तारखा व आंकडे जोडावे लागतात. लेखकानें आयुष्य शाळेंत घालविलें. मुलाच्या पहिल्या प्रश्नाला पुस्तकांतील वाक्य पुरतें, दुसऱ्याला मात्र मास्तरला विषय यावा लागतो, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला असतो. मंत्र्याचेंही तसेंच आहे. पहिलें उत्तर खातें लिहून देतें. दुसरें मंत्र्याचें स्वतःचें असतें.

परराष्ट्रव्यवहार संविधानानें संघराज्याकडे दिला असल्यामुळें तद्विषयक प्रश्न मुंबईस वा नागपुरास होत नाहींत, दिल्लीस होतात. ह्या बाबतींत नगरच्या किल्ल्याचें स्मरण होणें स्वाभाविक आहे. ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत जवाहरलाल नेहरू ह्याच किल्ल्यांत कैदेंत होते. कैद्याला सरकारास प्रश्न करतां येत नव्हता. तेच नेहरू १९४६ पासून १९६४ पर्यंत परराष्ट्रखातें सांभाळून सभागृहांत उत्तरें देत राहिले. लडाखांत चीननें बांधलेल्या रस्त्यावरून व सीमेवरील चकमकींवरून १९५९ च्या ऑगस्टांत संसदेंत त्यांच्यावर प्रश्नांचा भडिमार झाला, आणि ७ सप्टेंबर १९५९ रोजीं चीनशीं झालेल्या पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका त्यांनीं संसदेपुढें ठेविली. गुप्त स्वरूपाची माहिती मागूं नये, मित्रराष्ट्राचा अनादर करूं नये, हे निर्बंध नियमांत आहेत व ते योग्यच आहेत. परंतु १९०९ ची सरसकट बंदी आतां राहिलेली नाहीं.

परराष्ट्रनीतीवर बोलणाऱ्या मराठी संसदपटूंत राजापूरचे बॅ. नाथ पै अग्रगण्य होते. १९७१ सालीं त्यांच्या निधनानंतर त्याच मतदारसंघांतून मधु दंडवते लोकसभेंत गेले व १९९१ पर्यंत राहिले. त्यांचा जन्म १९२४ सालीं अहमदनगरचा. विरोधी बाकांवरून त्यांनीं प्रश्न विचारले. १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री व १९८९-९० मध्यें अर्थमंत्री म्हणून उत्तरेंही दिलीं. दोन्ही बाजूंचा असा अनुभव थोड्यांना लाभतो.

प्रश्नाचें सामर्थ्य काय, हें १९५७ च्या मुंदडा प्रकरणांत दिसलें. आयुर्विमा महामंडळाच्या एका गुंतवणुकीविषयीं लोकसभेंत प्रश्न आला. पाठपुरावा होत गेला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ति छागला ह्यांनीं १९५८ च्या आरंभीं मुंबईंत उघड चौकशी केली. आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारी ह्यांना पद सोडावें लागलें. ह्याच अधिकाराचा दुरुपयोगही झाला आहे. मुंबईच्या सराफी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून मोबदला घेऊन सभागृहांत तिचें काम केल्याबद्दल १९५१ सालीं एच. जी. मुद्गल ह्यांचें सदस्यत्व गेलें, आणि पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्यें संसदेनें अकरा सदस्यांना काढून टाकलें. प्रश्न विकला गेला म्हणजे ज्या मतदारानें तो सोंपविला त्याचा आवाज विकला जातो.

तथापि विकण्यापेक्षां बंद पडण्याचें भय अधिक आहे. चीनच्या आक्रमणाच्या वेळीं १९६२ च्या अधिवेशनांत प्रश्नोत्तराचा तास ठेविला नव्हता. १९७५ च्या आणीबाणींतही तो स्थगित झाला. त्या वेळीं दंडवते स्वतः तुरुंगांत होते. सप्टेंबर २०२० मध्यें महामारीच्या कारणानें तो तास वगळला. लेखी उत्तरें मात्र चालू राहिलीं. ह्या तिसऱ्या उदाहरणाचा अभ्यासकांनीं विशेष विचार करावा. लेखी उत्तर म्हणजे पहिलें उत्तर. दुसरा प्रश्न तेवढा गेला, म्हणजे व्यवस्था काहीं काळ १८९२ च्या पायरीवर उतरली. कारण खरें असो वा नसो, काय गेलें हें समजण्यास हा इतिहास ठाऊक असावा लागतो. गोंधळानें वाया गेलेल्या तासालाही हेंच लागू आहे. त्या दिवशींच्या तारांकित प्रश्नांना लेखी उत्तरें छापून मिळतात, पण उपप्रश्न मिळत नाहींत.

शेवटीं एक सूचना करावीशी वाटते. जुन्या मुंबई कौन्सिलापासून आजच्या विधिमंडळापर्यंतच्या कामकाजाचे छापील खंड हें आमच्या जिल्ह्याचें एक मोठें दप्तर आहे. पेशवेकालीन कागदांवर आपण जितके श्रम घेतों, त्यांचा अल्पांशही ह्या खंडांवर घेतला जात नाहीं. आज जिल्ह्यांत विधानसभेचे बारा मतदारसंघ आहेत. अकोल्यापासून जामखेडपर्यंत एकेका तालुक्यापुरते पाणी, दुष्काळी कामें, शाळा व रस्ते ह्यांविषयींचे प्रश्न निवडून सालवार लावले, तर गावोगांवच्या अडचणींचा अखंड वृत्तांत हातीं येईल. सरकारी उत्तर हें एका पक्षाचें म्हणणें असतें; तें गांवच्या कागदांशीं ताडून पाहावें, आणि मूळ उत्तर व उपप्रश्नानंतरचें उत्तर ह्यांतील अंतर टिपून ठेवावें. त्या अंतरांत पुष्कळदां खरी हकीकत सांपडते. तरुण अभ्यासकांपैकीं एखाद्यानें आपल्या तालुक्यापुरतें जरी हें काम हातीं घेतलें, तरी ह्या लेखाचें प्रयोजन सफळ झालें असें समजेन.