बैठ्या नावेतील गळाची काठी

बुलढाणा जिल्ह्याचे नाव निघताच ज्याचे स्मरण होते त्या लोणारच्या क्षारयुक्त सरोवरात मासा सहसा जगत नाही. तेव्हा गळ टाकण्याची हौस असणाऱ्यांनी येळगाव, नळगंगा किंवा खडकपूर्णा या जलाशयांकडे वळावे, मात्र मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिची रीतसर परवानगी आधी घ्यावी.

काठावरून टाकायची १०-१२ फुटी बांबूची काठी कयाक या बैठ्या नावेत निरुपयोगी ठरते, कारण पाण्याच्या जेमतेम वर बसलेल्या मनुष्याने मासा जवळ ओढला तरी शेंडा दूर राहतो व दोरा हाती येत नाही. फार आखूडही नको. गळाला लागलेला रोहू नावेखालून पलीकडे धावला, तर शेंडा नावेच्या टोकापुढून फिरवता आला पाहिजे. साधारण ७ फुटांची काठी दोन्ही अडचणींतून मार्ग काढते. मूठ मात्र आखूड हवी, एरवी ती जीवरक्षक जाकिटात वारंवार अडकते. पाणवनस्पतींत दडणाऱ्या मरळीसाठी काठी ताठ असावी. लवलवत्या काठीने गवतात शिरलेली मरळ बाहेर काढणे हा निव्वळ मनस्ताप. कार्बनची काठी हलकी खरी, परंतु तिच्यातून वीज वाहते, म्हणून वळवाचे ढग दिसताच ती खाली आडवी ठेवून किनारा गाठावा.