ट्रेलरचा विजेवरचा जॅक आणि पाण्याचा बंदोबस्त

अमेरिकेत मोटारीमागे जोडून नेल्या जाणाऱ्या फिरत्या घराचा, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलरचा, पुढचा भाग त्रिकोणी पोलादी चौकटीत निमुळता होत जातो आणि त्या टोकाशी बोल्टांनी आवळलेला एक उभा जॅक असतो. ट्रेलरच्या एकंदर वजनापैकी साधारणतः शेकडा १० ते १५ भार या टोकावर येत असल्यामुळे ६,००० पौंडांच्या ट्रेलरचे ६०० ते ९०० पौंड त्याला उचलावे लागतात. आणि हे काम १२ व्होल्टांची एक लहानशी मोटर दंतचक्रांच्या साह्याने मळसूत्री दांडा फिरवून करते.

परंतु या उपयुक्त यंत्राला नेमून दिलेली जागा अत्यंत प्रतिकूल आहे. ओढणाऱ्या गाडीच्या चाकांनी उडवलेले पाणी, बर्फ वितळावे म्हणून उत्तरेकडील राज्यांत रस्त्यांवर पसरलेले मीठ आणि मुक्कामावरचे ऊनपाऊस हे सर्व त्यालाच सोसावे लागते. एखाद्या दिवशी कळ दाबूनही जॅक हलत नाही, तेव्हा मालक मोटरीला दोष देऊन नवा जॅक मागवतो. माझ्या मते ही घाई अनाठायी होय, कारण दोष पुष्कळदा वीज परत जाण्याच्या वाटेत असतो. अशा अनेक जॅकांना एकच तार येते, आणि प्रवाह जॅकचे अंग, बोल्ट व चौकट यांच्यामार्गे बॅटरीकडे परततो. त्या वाटेत गंज वा रंगाचा थर आला की मोटर शाबूत असूनही निश्चल राहते. बॅटरी व फ्यूज ठीक असल्याची खात्री करून, कळ दाबून धरलेली असतानाच मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण अग्राला व दुसरे जॅकच्या उघड्या धातूला लावावे. अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक दिसला तर ही वाट बिघडली आहे असे खुशाल समजावे.

ती दुरुस्त करण्यासाठी जॅक काढण्यापूर्वी चाकांना अटकण लावून ट्रेलरचे टोक भक्कम आधारावर टेकवणे आणि बॅटरीची तार सोडवणे यांत यत्किंचितही हयगय नको. मग बैठकीचा धातू चकाकेपर्यंत घासून दातेरी वॉशर घालावा, किंवा जॅकच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण अग्रापर्यंत स्वतंत्र जाड तार न्यावी. मला दुसरी तजवीज अधिक टिकाऊ वाटते.

पाण्याच्या बंदोबस्तासाठी जॅकच्या झाकणाखालचे जंगाल साफ करून कळीच्या जोडांना सिलिकॉन ग्रीस लावावे, झिजलेले रबरी पॅकिंग बदलावे आणि वरची सांध सीलंटने बुजवावी; मात्र व्हिनेगरसारखा वास येणारे सीलंट वापरू नये, कारण त्याच्या आम्लाने तांबे खराब होते. खालचे निचऱ्याचे छिद्र मात्र कदापि बंद करू नये. तापलेली मोटर निवताना दमट हवा आत ओढते, आणि त्या हवेतील बाष्पाचे झालेले पाणी कितीही पक्क्या आवरणाच्या आतच साठते. म्हणून वरून घालायची टोपीही खालून मोकळी असावी.