मान धरण्याआधी

“मान धरली का होते सुदी, काई भेव नोको करू.” तीन आठवड्यांचं बाळ सारखं एकाच अंगाला पाहतं, असं नव्या आईनं म्हटलं की अकोल्या-अमरावतीकडच्या घरांत हमखास हे उत्तर मिळतं. उत्तर देणाऱ्या आजीनं चार-सहा लेकरं न्हाऊ-माखू घालून मोठी केलेली असतात, त्यामुळे तिच्यापुढे कोणी फारसं बोलत नाही. पुष्कळदा तिचं खरंही ठरतं. तान्ही बाळं खिडकीच्या उजेडाकडे, फिरत्या पंख्याकडे बराच वेळ बघत राहतात आणि आपोआप मान फिरवूही लागतात. पण काही बाळांच्या बाबतीत हे वाट पाहणंच महागात पडतं. मान धरते ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, आणि वाकडी मान सहज सरळ होण्याचा काळ त्याच्या आधीचा.

डॉक्टरांच्या भाषेत हा टॉर्टिकॉलिस. त्याचे प्रकार बरेच आहेत, पण तान्ह्या बाळांत सर्वांत जास्त आढळतो तो जन्मापासूनचा, स्नायूमुळे होणारा. कानामागच्या हाडापासून निघून गळ्याच्या कडेनं तिरका खाली उतरणारा आणि छातीच्या व खांद्याजवळच्या हाडाला जोडलेला एक स्नायू मानेच्या दोन्ही बाजूंना असतो. आरशात पाहून डोकं एका बाजूला वळवलं की तो ताठ उठून दिसतो. यातला एक आखूड राहिला की डोकं त्याच बाजूच्या खांद्याकडे कलतं आणि हनुवटी मात्र उलट दिशेला वळते. म्हणजे उजवा स्नायू आखडलेला असेल तर उजवा कान खांद्याकडे आणि तोंड डावीकडे. घरच्यांचा गोंधळ इथेच होतो. बाळ डावीकडे पाहतं म्हणून ते डावी बाजू चोळत बसतात आणि दोष असतो उजवीकडे.

वेगवेगळ्या पाहण्यांत याचं प्रमाण हजारात तीनपासून शंभरात दोनपर्यंत आलेलं आहे. जन्मतः असणाऱ्या हाडा-स्नायूंच्या तक्रारींत खुब्याचा सांधा आणि वाकडं पाऊल यांच्यानंतर हिचाच क्रमांक लागतो. तरी वाकडी मान म्हटलं की जणू आपल्याच घरी पहिल्यांदा घडलं, असं प्रत्येकाला वाटतं.

काही बाळांच्या मानेत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोराएवढी टणक गाठ हाताला लागते. गाठ म्हटल्यावर घरातल्यांच्या डोक्यात जो शब्द येतो तो कोणी उच्चारत नाही, पण रात्रीची झोप उडते. ही गाठ कर्करोगाची नसते. स्नायूतल्याच तंतूंची ती जाडसर घट्ट गुठळी असते, सोनोग्राफीत ओळखू येते आणि बहुधा चार ते आठ महिन्यांत विरघळते. गाठ गेली म्हणून स्नायू लांब झाला असं मात्र नाही. गाठ दिसेनाशी झाल्यावर व्यायाम सोडून देणारी आणि वर्षभरानं पुन्हा तिरक्या मानेचं पोर घेऊन येणारी घरं यामुळेच होतात.

हे कशामुळे झालं, या प्रश्नाची उत्तरं घराघरात तयार असतात. ग्रहण पाळलं नाही. डॉक्टरनं ओढून काढलं. उचलताना मान सांभाळली नाही. पहिलं आणि तिसरं उत्तर सरळ आईच्या माथी जातं. खरं कारण प्रत्येक बाळात सांगता येत नाही, पण कल स्पष्ट आहे. पहिलटकरणीची बाळं, वजनानं मोठी बाळं, पायाळू बाळं, म्हणजे पोटात ज्यांना हलायला जागा कमी मिळाली किंवा ज्यांचा जन्म अवघड झाला अशी बाळं यांत जास्त सापडतात. शस्त्रक्रियेनं जन्मलेल्या बाळांतही हे दिसतं, त्यामुळे सगळा दोष ओढण्यावर टाकता येत नाही. गर्भातच डोकं बराच काळ एका बाजूला दाबलेलं राहून त्या स्नायूचा रक्तपुरवठा कमी पडत असावा, असं अनेक तज्ज्ञांना वाटतं. ग्रहणाशी याचा काडीचाही संबंध नाही, हे सासरच्या माणसांसमोर डॉक्टरांनी मोठ्यानं सांगावं. त्या बाळंतिणीला तेवढ्या एका वाक्याचा जो आधार मिळतो तो औषधानं मिळत नाही.

आता काळाचा हिशेब. अमेरिकेतल्या बालफिजिओथेरपिस्टांच्या संघटनेनं या विषयावर 2013 साली मार्गदर्शिका काढली आणि 2018 साली ती सुधारली. तिच्यानुसार पहिल्या महिन्याच्या आत व्यायाम सुरू झाला तर सुमारे 98 टक्के बाळांची मान दीड महिन्याच्या व्यायामानं नीट फिरू लागते. महिना उलटल्यावर सुरुवात केली तर हेच काम सहा महिन्यांवर जातं. सहा महिन्यांनंतर सुरुवात केली तर नऊ-दहा महिने लागतात आणि पूर्ण बरी होणारी बाळंही कमी होत जातात. हाँगकाँगमधल्या 821 बाळांच्या, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचाही सूर तोच होता: हातानं हळुवार ताण देऊन बहुतेकांचं काम भागतं, थोड्यांनाच शस्त्रक्रिया लागते.

वऱ्हाडात महिन्याच्या आत सुरुवात करणं जमू शकतं का? माझं मत, जमू शकतं, कारण बाळ पाहायला येणारी माणसं ठरलेल्या दिवशी घरी येतातच. आशाताई नवजात बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देतात. घरी जाऊन नवजाताची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्या विदर्भातलीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ती उभी केली, 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष आले आणि पुढे ती देशभर गेली. चौदावा, एकविसावा आणि अठ्ठाविसावा दिवस म्हणजे नेमके मानेतली गाठ हाताला लागण्याचे दिवस. वजन करता करता बाळाचं तोंड दोन्हीकडे वळतं का एवढं पाहायला एक मिनिट पुरतं. ते हुकलं तरी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसांना बाळ दवाखान्यात येतंच.

अडचण अशी की वाकडी मान कोणाच्या यादीत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात तपासायच्या 30 बाबी ठरवल्या गेल्या. जन्मजात दोषांत वाकडं पाऊल आहे, खुब्याचा दोष आहे, फाटलेला ओठ आहे. मान नाही. यादीत नसलेली गोष्ट फॉर्मवर नसते आणि फॉर्मवर नसलेली गोष्ट घाईत पाहिली जात नाही. तरीही याच कार्यक्रमातून जिल्ह्याला जी शीघ्र निदान व उपचार केंद्रं मिळायची, त्यांत फिजिओथेरपिस्टचं पद धरलेलं आहे. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आणि अमरावतीत पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. विचारायला जागा आहेत, विचारणाऱ्याला मात्र नेमकं काय विचारायचं ते माहीत हवं.

त्यात आपला रिवाज. पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी अकोल्याची, दिलेली अमरावतीला. बाळ अकोल्याच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात जन्मतं, सव्वा महिना किंवा तीन महिने माहेरी राहतं आणि मग वाजतगाजत सासरी जातं. निदान एका गावात, उपचार दुसऱ्या गावात, आणि मधल्या शंभरेक किलोमीटरच्या प्रवासात व्यायाम सुटतात. निघण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून एक कागद लिहून घ्यावा: कोणती बाजू आखूड, मान कुठपर्यंत वळते, कोणते व्यायाम, खुबा तपासला की नाही. शिवाय व्यायाम करताना त्यांच्याच परवानगीनं मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. सासरच्या गावी नव्या माणसाला हे दाखवलं की पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

व्यायाम दिसायला अगदी साधे. उजवी बाजू आखडलेली असेल तर एकानं उजवा खांदा अलगद दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं डोकं हळूहळू डावीकडे झुकवायचं, डावा कान डाव्या खांद्याकडे न्यायचा. मग हनुवटी उजव्या खांद्याकडे वळवायची. ताण काही सेकंद धरायचा आणि सोडायचा. किती सेकंद, किती वेळा, हे फिजिओथेरपिस्ट बाळ पाहून ठरवतात, लेख वाचून ते ठरवू नये. बाळ जोरानं विरोध करू लागलं, श्वास अडखळला, रंग बदलला तर तिथेच थांबायचं. झटका कधीच द्यायचा नाही.

ताण देण्याइतकंच महत्त्व बाळाला दिवसभर कसं ठेवता याला आहे, आणि हे काम घरातलं कोणीही करू शकतं. बाज किंवा पाळणा असा फिरवायचा की उजेड, दार, माणसांची ये-जा बाळ टाळतं त्या बाजूला येईल. खुळखुळा त्याच बाजूनं वाजवायचा. जागेपणी, कोणीतरी समोर बसलेलं असताना, दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पोटावर पालथं घालायचं. झोपवताना मात्र पाठीवरच. झोळीत डोकं एकाच बाजूला रुतून राहतं, म्हणून काही महिने झोळीला सुट्टी द्यावी. काही बाळं एका अंगाला दूध नीट ओढत नाहीत आणि आईला वाटतं आपल्यालाच पाजता येत नाही. बाळाला धरण्याची पद्धत बदलली की पुष्कळदा प्रश्न सुटतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट: कललेल्या बाजूच्या मानेच्या घडीत घाम आणि दूध साचून कातडी लाल होते, कधी चिघळते. ती घडी रोज उघडून पुसून कोरडी करावी. तिथं पावडर भरू नये. दुपारी बेचाळीस-पंचेचाळीसच्या तापमानात बाळ आधीच किरकिरं असतं, त्यामुळे व्यायाम सकाळी उरकलेले बरे.

मालीशवाल्या बाईंना वगळून हे होणार नाही. रोज अर्धा तास बाळ त्यांच्या हातात असतं. त्यांचा हात चांगला असतो, पण कुठे कुठे “मानेची नस बसवून देते” म्हणत चटकन मान फिरवण्याची सवय असते, आणि ती धोक्याची आहे. मानेच्या मणक्यातच दोष असेल तर अशा झटक्यानं कायमची इजा होऊ शकते. भांडण्यापेक्षा त्यांना एकदा फिजिओथेरपिस्टकडे सोबत न्यावं. त्यांनी व्यायाम डोळ्यांनी पाहिले की घरी त्याच इतर सगळ्यांना दटावतात.

एकाच बाजूवर झोपून डोकं मागून चपटं होतं आणि मग मोहरीची उशी निघते. मोहरीनं डोकं गोल होतं ही समजूत जुनी आहे. पण तान्ह्या बाळाला उशीच नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि डोकं खळग्यात बसवून ठेवणारी उशी तर मान फिरवायच्या आडच येते. दुसऱ्या टोकाला मोबाइलवर दिसणारी परदेशी हेल्मेटं. नेदरलँड्समध्ये चपट्या डोक्याच्या 84 बाळांवर झालेल्या चाचणीत (2014) हेल्मेट घातलेली आणि न घातलेली बाळं जवळजवळ सारखीच सुधारली. त्या चाचणीत वाकड्या मानेची बाळं घेतली नव्हती, म्हणून तिचा निकाल इथे जसाच्या तसा लावता येत नाही. पण हजारो रुपये मोजण्याआधी मान मोकळी करावी, इतकं त्यावरून नक्की म्हणता येतं.

प्रत्येक तिरकी मान स्नायूचीच नसते. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कनं लिहून ठेवलंय की सिकंदराची मान किंचित डावीकडे कललेली असे आणि त्याचे सोबती तिची नक्कल करत. पुढच्या काळातल्या डॉक्टरांनी त्याचं कारण कधी मानेत शोधलं, कधी डोळ्यात. डोळ्यांच्या स्नायूत दोष असेल तर दोन प्रतिमा टाळण्यासाठी मूल डोकं कलतं धरतं. मणक्यांची रचना चुकलेली असू शकते. दूध वारंवार वर येणारी बाळंही मान विचित्र पिळतात. क्वचित मेंदूतला आजार असतो. म्हणून मान जन्मानंतर काही महिन्यांनी अचानक वाकडी झाली, ताप असला, बाळ सुस्त झालं, उलट्या होऊ लागल्या किंवा मान कधी इकडे कधी तिकडे कलू लागली, तर व्यायाम नकोत, आधी डॉक्टर. आणि खुबा तपासायला विसरू नये. मानेसोबत खुब्याचा दोष असण्याची शक्यता इतर बाळांपेक्षा जास्त असते. दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळण्याची आपली पद्धत त्या खुब्याला आणखी वाईट.

आईचं काय? दिवसातून अनेक वेळा आपल्याच बाळाला रडवायचं, तेही बाळंतपणाच्या अंगदुखीत, झोप नसताना. “कशाले लेकराचा जीव घेतं?” हे वाक्य दुसऱ्या खोलीतून येतच असतं. इथं बापानं खांदा धरायचं काम घ्यावं. दोन माणसांचा व्यायाम म्हणून सांगितलेला असतोच, त्यामुळे कोणाला बोलायला जागा उरत नाही. दर पंधरा दिवसांनी बाळाला उताणं ठेवून वरून एक फोटो काढावा. रोज पाहणाऱ्याला न दिसणारा फरक फोटोत दिसतो. दात येताना, सर्दी-तापात, रांगायला शिकताना मान पुन्हा चार दिवस कलते. तेवढ्यानं सगळं वाया गेलं असं समजू नये. पंधरवड्यानंतरही कल राहिला तर मात्र दाखवावं.

वर्षभर नीट व्यायाम करूनही मान वळत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यात आखूड स्नायू सोडवला जातो आणि नंतर पुन्हा व्यायाम असतातच. फार उशीर झाला, मूल शाळेत जाऊ लागलं, तर तोवर चेहऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा लहान वाढलेली असते आणि ती पूर्ण भरून येईलच असं नाही.

व्यायाम थांबवायचे ते मान सरळ दिसली म्हणून नव्हे. दोन्ही बाजूंना मान सारखी वळते का, पाच अंशांपेक्षा जास्त फरक उरला नाही ना, बाळ दोन्ही अंगांनी पालथं पडतं का, दोन्ही हात सारखे वापरतं का, हे फिजिओथेरपिस्ट पाहतात. त्यानंतरही मूल चालू लागलं की एकदा पुन्हा तपासून घ्यायचं असतं, कारण उभं राहिल्यावर कधी कधी तो कल परत डोकावतो. बहुतेक घरी तोवर फाइल माळ्यावर गेलेली असते. ती तारीख पहिल्या वाढदिवसाच्या आसपासची धरून कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवावी.