रक्त काय सांगते, काय सांगत नाही

अर्धांगवायूच्या रुग्णावरील जिवाचे संकट टळले, की कुटुंबीयांच्या मनात एकच प्रश्न उरतो : हे पुन्हा चालतील का, बोलतील का? मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून येणाऱ्या झटक्यास ‘इस्केमिक स्ट्रोक’ म्हणतात. त्यातून रुग्ण किती सावरेल, याचा अंदाज डॉक्टर प्रामुख्याने वय, ० ते ४२ गुणांच्या मोजपट्टीवर ठरवलेली झटक्याची तीव्रता आणि मेंदूचा स्कॅन यांवरून बांधतात. आता या अंदाजास रक्तातील काही खुणांची, म्हणजे बायोमार्करची, जोड मिळू लागली आहे.

त्यांपैकी एक ‘कोपेप्टिन’. शरीरावर मोठा ताण आला, की मेंदूतील पीयूषिका ग्रंथीतून ते रक्तात उतरते. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ३६२ रुग्णांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभी कोपेप्टिन जितके अधिक, तितकी तीन महिन्यांनंतर परावलंबित्वाची वा मृत्यूची शक्यता अधिक, असे त्यात आढळले.

दुसरी खूण ‘न्यूरोफिलामेंट लाइट’ या प्रथिनाची. मज्जातंतूंना इजा झाली, की हे प्रथिन झिरपत रक्तात येते. त्याचे प्रमाण पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात, मोजावे लागते. मात्र ते हळूहळू, काही दिवसांत वाढत जाते; त्यामुळे पहिल्याच दिवशीच्या तपासणीतून पूर्ण चित्र उमटत नाही. शिवाय वाढते वय, मूत्रपिंडाचे विकार आणि मेंदूचे इतर आजार यांमुळेही ते वाढलेले असू शकते.

मर्यादा नेमकी येथेच आहे. असे आकडे रुग्णांच्या समूहाची शक्यता सांगतात. समोरच्या एका रुग्णाचे भवितव्य ते ठरवत नाहीत. म्हणूनच वय, तीव्रता आणि मिळालेले उपचार यांच्यासह कोपेप्टिनचा एकत्र विचार करणाऱ्या पद्धती विकसित झाल्या आहेत. नित्याच्या उपचारांत मात्र या चाचण्या अद्याप रुळलेल्या नाहीत.

याहून गंभीर धोका निराळाच आहे. अहवाल प्रतिकूल आला म्हणून घरच्यांनी धीर सोडला, व्यायामोपचार आणि वाचोपचार यांत टाळाटाळ केली, तर रुग्ण सावरणार नाही आणि भाकीत खरे ठरल्यासारखे भासेल. अशा अहवालाचा सदुपयोग एकच : कोणाला अधिक काळ, अधिक नेटाने साहाय्य लागेल हे ओळखून घरातील माणसे, पैसा आणि वेळ यांचे नियोजन वेळीच करणे.

आणि आरंभीची घाई विसरू नये. चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी एकही लक्षण दिसताच स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. रुग्ण पुढे किती सावरेल, हे पुष्कळसे या पहिल्या तासांवरच अवलंबून असते.